ज्या अवयवाचा साचा नव्हता

तीस वर्षं मी लोकांचे नवस विकले, पण स्वतः एकही कधी बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणाला वाटायचं ही बाई मोठी भाविक होती म्हणून तिला अनुभव आला. तसं काही नाही. अंधेरीच्या जुन्या गावठाणात आमचं घर. आम्ही ख्रिस्ती, पण घरात बोलणं सगळं मराठी, आणि चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. सासऱ्यांपासून आमचा धंदा मेणाचा. टेकडीवरच्या मरीया माउलीला लोक मेणाचे अवयव वाहतात. हात दुखत असेल तर हात, डोळ्यांचं ऑपरेशन असेल तर डोळे, मूल हवं असेल तर बाळ, डोक्यावर छप्पर हवं असेल तर छोटंसं घर. हे सगळं आम्ही घरी साच्यात ओततो आणि टेकडीच्या पायऱ्यांखाली आमच्या स्टॉलवर विकतो. हिंदू, ख्रिस्ती, पारशी, सगळे येतात. मी त्यांना कागदात गुंडाळून नवस हातात देते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघते. मिठाईवाल्याला मिठाईचं काय अप्रूप! माझं माउलीशी तसंच होतं. रोजची शेजारीण, येता-जाता मान हलवायची, बस.

चार वर्षांपूर्वी माझं पोट फुगायला लागलं. आधी वाटलं गॅस आहे. मग वाटलं वय झालं, बावन्न म्हणजे काय थोडं आहे? नवरा बास्त्याव म्हणाला, "अगं, तुला दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतंय, हे काय बरोबर नाय." तो मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेला. अंडाशयाचा कर्करोग निघाला. दोन्ही अंडाशयं, गर्भाशय, सगळं काढलं. मग सहा वेळा सलाइनमधून केमो. केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. स्टॉलवर डोक्याला रुमाल बांधून बसायचे तेव्हा गिऱ्हाइकंच माझ्याकडे बघून माउलीला हात जोडायची. दोन वर्षं बरी गेली. आणि मग स्कॅनमध्ये पोटाच्या आतल्या पडद्यावर पुन्हा बारीक गाठी दिसल्या. आमच्या जवळच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, तीच औषधं पुन्हा देऊ, बाकी काही करण्यासारखं नाही. त्यांच्या बोलण्यात "बघू या" फार वेळा आलं. तीही घेतली; केस पुन्हा गेले, गाठी तशाच राहिल्या.

मला राग आला, आणि तो डॉक्टरांचा नव्हता. मी माउलीच्या दारात बसते, रोज तिच्यासाठी शंभर हात शंभर पाय ओतते, माझ्या बोटांची साल मेणाने भाजून भाजून गुळगुळीत झालीय, आणि ही बाई मला ओळखही दाखवत नाही? एकदा दुपारी देवळात कोणी नव्हतं तेव्हा मी तिच्यासमोर उभी राहून चक्क म्हटलं, "मुकाट बसून राहा तू. तुला काय जातंय?" बोलले आणि स्वतःचीच लाज वाटली. पण माफी काही मागितली नाही. मी मुळात अशीच आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

त्यानंतर आठवडाभरात ती बाई आली. चाळिशीची असेल, साधी सुती साडी, हातात हिरव्या बांगड्या, खांद्याला कापडी पिशवी. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभी राहिली, आणि मग पुढे येऊन हळूच विचारलं, "ताई, अंडाशय मिळेल का? मेणाचं?"

तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. माझ्याकडे हात, पाय, डोळे, छाती, काळीज होतं, मूत्रपिंडसुद्धा होतं. मी म्हटलं, "नाही हो बाई, त्याचा साचाच नाही. लोक पोट नेतात किंवा अख्खी बाई नेतात." मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मला स्वतःला पण तेच झालंय. माझ्यासाठी पण नाही."

ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली. दहिसरहून आली होती. तिने मला तिची सगळी कहाणी सांगितली, आणि मी एरवी गिऱ्हाइकांच्या कहाण्या एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडते, ती दोन्ही कानांनी ऐकली. तिलाही दोनदा केमो झाली होती, काही फरक नव्हता. मग कोणीतरी सुचवलं म्हणून तिने ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीच्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइड्स, मुलुंडला दुसऱ्या डॉक्टरकडे पुन्हा तपासायला दिल्या. तेव्हा कळलं की तिचा प्रकार नेहमीचा नाही. दुर्मिळ आहे, हळू वाढणारा आहे, आणि नेहमीची केमो त्याला फारशी लागत नाही. गाठीतली एक विशिष्ट बिघडलेली खूण शोधून त्या खुणेवरच काम करणारी गोळी तिला सुरू केली होती. "मला बरं वाटतंय ताई," ती म्हणाली. "तुम्ही पण एकदा पुन्हा वाचून घ्या. नुसतं वाचून घ्यायला काय जातंय?" माझेच शब्द होते ते, माउलीला सुनावलेले. तिने मेणबत्त्यांची जोडी घेतली आणि जाताना म्हणाली, "साचा केलात तर एक माझ्यासाठी ठेवा." नाव विचारायचं राहून गेलं.

मुलुंडच्या डॉक्टर तरुण बाई होत्या, बोलायला एकदम मोकळ्या. काचपट्ट्या पुन्हा वाचल्या आणि निदान बदललं. त्या दहिसरच्या बाईचाच प्रकार. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, असं समजा की तुमच्या दाराच्या बेलचं बटण आत अडकून बसलंय. बाहेर कोणी नाही तरी बेल वाजतच राहते आणि पेशी धावतच राहतात. काही जणींत हे अडकलेलं बटण नेमकं कुठलं ते सापडतं. सापडलं तर त्याची वायर तोडणारी गोळी आहे. सगळ्यांना चालत नाही, चाललीच तर किती दिवस चालेल तेही सांगता येत नाही. पण आधी तपासायला हवं." मी विचारलं, कशात तपासणार, माझं तर सगळं काढून टाकलं. तर त्या म्हणाल्या, "काढलेलं टाकत नाहीत. त्याचे छोटे तुकडे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. वर्षानुवर्षं राहतात."

मी खुर्चीत सावरून बसले. "मेण? कसलं मेण?"

"पॅराफिन. मेणबत्तीचं असतं ना, तसंच. जरा जास्त शुद्ध."

बास्त्यावने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. आयुष्यभर आम्ही लोकांचे अवयव मेणाचे केले. आणि माझं अंडाशय, ज्याचा साचा जगात कोणाकडे नाही म्हणून मी त्या बाईला परत पाठवलं, ते गेली तीन वर्षं अंधेरीतल्या एका लॅबच्या कपाटात मेणात बसलेलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता तो तिथे, त्या एसीच्या खोलीत आला.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. माझे चार ठोकळे होते, पण त्यांतले तीन आधीच्या तपासण्यांसाठी कापून कापून संपत आलेले. एकाच ठोकळ्यात गाठीचा भाग पुरेसा शिल्लक होता. तो गेला तर पुन्हा पोट उघडून तुकडा काढावा लागेल, आणि माझी आतडी आधीच्या ऑपरेशनमुळे एकमेकांना चिकटलेली, म्हणजे ते जिवावरचं काम. "मावशी, सांभाळून न्या," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई गं, मेण सांभाळायला तू मला शिकवतेस होय!

शनिवारी सकाळी मी अंधेरीच्या लॅबमध्ये सही करून तो ठोकळा घेतला. एवढासा, काड्यापेटीहून जरा लहान. प्लास्टिकच्या चौकटीवर बसवलेलं पांढरं मेण आणि त्यात नखाएवढा पिवळसर डाग. तो डाग मी किती वेळ बघत बसले कोणास ठाऊक. त्याचाच राग यायला हवा होता, पण मला त्याची कणव आली. त्यांनी तो नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात दिला होता. पण बाहेर कडक ऊन, आणि उन्हाने मेण मऊ पडतं हे मला ठाऊक. मी त्याला स्टॉलवर करतो तसं वर्तमानपत्राच्या पाव कागदात घट्ट गुंडाळलं. आमच्या धंद्याची ती सवयच आहे. कागदातलं मेण तापत नाही, ओरखडत नाही. मी आजवर एकही मेणाचा तुकडा उघडा पिशवीत टाकलेला नाही.

पिशवीत आणखी एक पुडी होती. आदल्या दिवशी घरी एकटी असताना मी कोमट मेणाचे दोन गोळे हाताने वळले होते. सुपारीपेक्षा जरा मोठे, लांबट, डॉक्टरांनी चित्रात दाखवले होते तसे. साचा नाही तर नाही, बोटं तर आहेत. घाटकोपरच्या ज्या लॅबमध्ये तपासणी व्हायची होती तिथे जाण्याआधी टेकडीवर जायचं आणि आयुष्यातला पहिला नवस बोलायचा असं मी ठरवलं होतं. बास्त्यावला सांगितलं नाही, तो हसला असता.

स्टॉलवर बसलेल्या त्याची नजर चुकवून मी वर गेले. शनिवार म्हणून देवळात तुफान गर्दी. मी दोन्ही पुड्या हातात घेतल्या. वाहायचं एकच होतं, पण म्हटलं ठोकळाही तिच्या पायाशी एकदा टेकवून घेऊ, हरकत काय आहे? डोळे मिटले. म्हटलं, "आई, उद्धट बोलले, चुकले. हे माझं दुखणं आहे, हे तू ठेवून घे." डोळे उघडते तर टोपली घेऊन उभी असलेली सेविका, "चला बाई, पुढे चला, मागे रांग आहे," करत माझ्या हातातली एक पुडी टोपलीत टाकून मोकळी झाली. मागच्यांनी मला पुढे ढकललं. राहिलेली पुडी मी पिशवीत ठेवली. दोन्ही पुड्या सारख्या, एकाच वर्तमानपत्राच्या. हाताला कळायला हवं होतं. तीस वर्षांचा हात माझा, पण त्या रेटारेटीत त्याला काहीच कळलं नाही.

घाटकोपरला पोचले तेव्हा दुपार झाली होती. काउंटरवरच्या मुलीला मी कागद दिले आणि पुडी तिच्यासमोर उघडली. आत मेणाचे दोन गोळे. ती म्हणाली, "आंटी, ये क्या है?" आणि मी वेड्यासारखी म्हणाले, "माझी अंडाशयं." ती पोरगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी पिशवी उलटी केली. पाकीट, चष्मा, पाण्याची बाटली, जपमाळ. दुसरं काही नाही. वाट लागली, दुसरा शब्द नाही. आईला म्हटलं होतं ठेवून घे, आणि तिने शब्दशः ठेवून घेतलं!

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वाहिलेलं मेण देऊळ फेकत नाही. शनिवारी दुपारी सगळ्या टोपल्या गोण्यांत रिकाम्या होतात आणि त्या गोण्या वितळवायला आमच्या गावठाणात येतात, दोन घरांत आळीपाळीने. एक घर आमचं. दुसरं माझ्या थोरल्या जावेचं, रोझीबायचं. म्हणजे माझा ठोकळा त्या क्षणी मेणाच्या गोणीत होता आणि ती गोणी कुठल्यातरी शेगडीकडे चालली होती. मी बास्त्यावला फोन लावला. मी म्हटलं, "आज आपली पाळी ना? गोणीला हात लावू नकोस."

तो म्हणाला, "अगं, तू दवाखान्यात जाणार, स्टॉलवर मला बसायचं, म्हणून मी पाळी बदलून घेतली. गोणी रोझीबायकडे गेली. तासभर झाला. मी जातो तिच्याकडे, थांब."

मी म्हटलं, "नको. मी येते. मीच जाते."

हे का म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही. रोझीबायशी मी अकरा वर्षं बोललेली नव्हते. सासरे गेले तेव्हा दोन भावांत साच्यांची वाटणी झाली. सगळ्यात जुना आणि सगळ्यात सुबक साचा बाळाचा, सासऱ्यांनी स्वतः कोरलेला. तो मी मागितला. मला मूल नाही. देवाने दिलं नाही, विषय संपला. पण त्या साच्यातून बाळ काढताना माझ्या ओंजळीत क्षणभर काहीतरी यायचं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. रोझीबाय सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला काय करायचाय गं बाळाचा साचा?" तिला तीन पोरं. ती कदाचित सहज बोलली असेल. मी सहज घेतलं नाही. मी साचा उचलला आणि गावठाणाच्या क्रुसासमोर उभी राहून म्हणाले, "मी मेले तरी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, आणि तू माझ्या मयतीला येऊ नकोस." ती आली नाही. ऑपरेशन झालं तेव्हा आली नाही, केस गेले तेव्हा आली नाही. माझ्या मनात तिच्या नावावर ते सगळं लिहून ठेवलेलं होतं.

घाटकोपरहून अंधेरीपर्यंत रिक्षात मी एकच गोष्ट डोळ्यांपुढे आणत होते. रोझीबायच्या परसातली मोठी शेगडी, तिच्यावर पाण्याचं पातेलं, त्यात मेणाचा डबा, आणि त्यात विरघळत जाणारे हात, पाय, घरं, आणि तो नखाएवढा पिवळा डाग. मेण वितळायला वेळ लागत नाही. मी जपमाळ हातात धरली होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. शेवटी मी प्रार्थना सोडून दिली आणि आईशी सरळ बोलले. म्हटलं, गेलं असेल तर गेलं. मी आता भांडत नाही, मागत पण नाही. मला फक्त त्या दारात उभं राहायची ताकद दे, कारण ती मला माझ्याजवळ सापडत नाहीये. एवढं म्हटलं आणि मी रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

रोझीबायचं दार उघडंच होतं. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि आत बघितलं, आणि जे दिसलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. शेगडी विझलेली होती. पुढच्या खोलीच्या सगळ्या फरशीवर वर्तमानपत्रं अंथरलेली होती आणि त्यांवर गोणीतला एकेक तुकडा वेगळा मांडून ठेवलेला होता. हातांची ओळ, पायांची ओळ, डोळे, घरं, बाळं. मधोमध रोझीबाय मांडी घालून बसली होती, सत्तरीची बाई, चष्मा कपाळावर. समोरच्या आल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावर, मेणबत्ती जळत होती आणि तिच्याशेजारी, पाण्याच्या वाटीत बुडवलेल्या गार फडक्यावर, पाकिटासकट माझा ठोकळा.

"आलीस?" ती म्हणाली. "मला समजत नव्हतं, हे एकच आहे की अजून काही. तुझं नाव वाचलं आणि सगळी गोणी ओतली बघ. एक तुकडा वितळवला नाही गं. यातलं दुसरं काही तुझं आहे का, ते तूच बघ."

सासऱ्यांचा एक दंडक होता. वितळवण्याआधी प्रत्येक तुकडा एकदा हातात घ्यायचा आणि एक नमो मरीयाची प्रार्थना म्हणायची, कारण तो कोणाचा तरी जीव आहे. आमच्या घरात हे कधीच सुटलं. आम्ही गोणी सरळ डब्यात उपडी करतो, वाती नंतर गाळून काढतो. त्या शनिवारी गोणी ठरल्याप्रमाणे आमच्याकडे आली असती तर बास्त्यावने अर्ध्या तासात सगळं पाणी केलं असतं. रोझीबायच्या घरात दंडक सुटला नव्हता. तिने पुडी हातात घेतली, कागद उघडला, नमो मरीया म्हणायला लागली, आणि पाकिटावरचं माझं नाव बघून अर्ध्यातच थांबली.

मी म्हटलं, "फोन का नाही केलास?"

"कशी करू? तू म्हणालेलीस, मयतीला पण येऊ नको." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. "नाव लिहिलेलं, आत मांसाचा तुकडा, मला वाटलं तू गेलीसच. शेजारणीला पाठवलं तुझ्या घरी, तर कुलूप. मग बसून राहिले. म्हटलं, काही झालं असेल तर बास्त्याव येईल. नसेल तर ती येईल." मग ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागली, जिथे नुकते दोन बोटं केस परत आले होते. "मी बोलले होते ते वाईट बोलले होते. अकरा वर्षं गिळून बसलेय. तुझ्या ऑपरेशनपासून रोज मेणबत्ती लावते, विचार तुझ्या नवऱ्याला. तोच मेणबत्त्या आणून द्यायचा, मेला, आणि तुला एका शब्दाने बोलला नाही."

मी उंबरा ओलांडला. तिच्या गळ्यात पडले आणि म्हाताऱ्या बायका मयताला रडतात तशा आम्ही दोघी गळा काढून रडलो. पायाखाली एक मेणाचा हात मोडला, त्याचा आवाज झाला तेव्हा भानावर आलो. ती म्हणाली, "अगं, चल चल, ते लॅब की काय ते बंद होईल." तिने तशीच चप्पल घातली. घाटकोपरला जाताना ठोकळा तिने स्वतःच्या मांडीवर दोन्ही हातांत धरला होता. म्हणाली, तुझ्या हाताचा आज भरवसा नाही. काउंटरवरच्या पोरीने आम्हाला ओळखलं. या वेळी पुडी आधी स्वतः उघडून बघितली, मगच पावती दिली.

तपासणीत ते अडकलेलं बटण सापडलं. डोळे तपासले, हृदयाची तपासणी केली आणि गोळी सुरू झाली. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि उपाशीपोटी घ्यावी लागते. चेहऱ्यावर पुरळ येतो, सोळा वर्षांच्या पोरीसारखा. पाय सुजतात, पोट बिघडतं. एकदा त्रास फार झाला तेव्हा डॉक्टरांनी थोडे दिवस बंद करून कमी ताकदीची दिली. आता दहा महिने झाले. गाठी थोड्या लहान झाल्या आणि मग आहेत तिथे थांबल्या. "बरं झालं असं मी म्हणणार नाही मावशी," डॉक्टर म्हणतात, "थांबलंय असं म्हणू या." मला थांबलेलं चालतं. रोज सकाळी रोझीबाय सातला येते, मी गोळी घेते, आणि मग तासभर आम्ही दोघी काही न खाता बसतो. तिला गरज नाही, पण तीही खात नाही. म्हणते, एकटीने कशाला उपाशी राहायचं?

त्या दिवशी जे झालं ते काय होतं, हे मी कोणाला पटवायला जात नाही. बास्त्यावने पाळी बदलली म्हणून झालं, असं तो म्हणतो. सेविकेने घाई केली म्हणून झालं, असंही म्हणता येईल. मला एवढंच माहीत आहे की मी आईला म्हटलं होतं, माझं दुखणं ठेवून घे. तिने ते घेतलं आणि ज्या दारात मी जन्मात गेले नसते नेमकं त्या दारात नेऊन ठेवलं. मला वाटत होतं माझं दुखणं एकच आहे. तिला दोन दिसली असावीत. आता मी तिला काय ठेव आणि काय परत दे हे सांगत नाही. हातात येईल ते घेते, आणि प्रत्येक तुकड्यावर एक नमो मरीया म्हणते. बास्त्याव पण म्हणतो, पुटपुटत का होईना.

गेल्या महिन्यात आम्ही नवा साचा केला. हाताने वळलेले ते दोन गोळे, जे घाटकोपरच्या काउंटरवर निघाले होते, ते मी जपून ठेवले होते. रोझीबायने त्यांच्याभोवती प्लास्टर ओतलं. साचा सुकला तेव्हा तिने त्या शनिवारचं मेण काढलं. ते तिने कधी वितळवलंच नव्हतं, डब्यात तसंच ठेवलं होतं. बाळाचा साचा मी तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, हा तुझ्याकडे राहू दे आता. तिने तो माझ्याकडे परत सरकवला. म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे. का ते मला माहीत आहे."

पहिलं अंडाशय मी ओतलं. कडा जरा खडबडीत आली, पण झालं छान. ते मी विकलं नाही. स्टॉलच्या मागच्या फळीवर कागदात गुंडाळून ठेवलंय, दहिसरच्या त्या बाईसाठी. दर शनिवारी पुडी उघडून बघते, पुसते, पुन्हा गुंडाळते. ती अजून आलेली नाही. पण परवा एक कोवळी मुलगी आली, आईचा हात घट्ट धरून. गर्दी सरेपर्यंत थांबली आणि मग खाली मान घालून हळूच काहीतरी विचारू लागली. तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी म्हटलं, "आहे गं बाळा. आमच्याकडे आहे."